बाईंना दाखवणे

साठपैकी एकोणचाळीस. हा आकडा मी २०३४ सालच्या मे महिन्यात 'पहिलं पान'मध्ये छापला. आकडा अचूक होता. पुढे जे झालं ते सांगताना मी हे दर वेळी आधी सांगते, कारण लोकांना वाटतं की आकडा चुकला असणार.

'पहिलं पान' हे वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी निघणारं साप्ताहिक बातमीपत्र. कुडाळमध्ये एका टायरच्या दुकानावरच्या खोलीतून मी आणि सर्वेश मयेकर ते काढायचो. मी संख्याशास्त्रातली एमएस्सी, त्यामुळे प्रयोग आणि मजकूर माझ्याकडे. मथळे, वर्गणीदार आणि जाहिराती सर्वेशकडे. नाव जुन्या काळातलं होतं. तेव्हा इंटरनेटवर काही शोधलं की दहा-दहा दुव्यांची पानं समोर यायची आणि आपलं नाव पहिल्या पानावर यावं म्हणून वेबसाइटवाले जिवाचं रान करायचे. आता पानंच राहिली नव्हती. लोक फोनमधल्या 'सांगाती' नावाच्या मदतनिसाला तोंडी विचारायचे. सांगाती एकच उत्तर द्यायचा आणि शेवटी एका वेबसाइटचं नाव घ्यायचा : आधार, अमुक अमुक. ज्याचं नाव घेतलं जाई त्याच्याकडे माणसं जात. बाकीच्या वेबसाइट म्हणजे रस्ता नसलेल्या गावातली दुकानं.

आमचे वर्गणीदार तीन हजार दोनशे. कणकवलीचे एक दातांचे डॉक्टर, आचऱ्याला पाहुण्यांसाठी घर चालवणारी एक बाई, सांगोल्याचा शेळीपालनाचा सल्ला देणारा एक गृहस्थ, असे. सगळ्यांचा प्रश्न एकच : सांगाती आधार कसा निवडतो?

ते सांगाती बनवणारी कंपनी सांगत नसे. खरं तर कंपनीलाही ते नेमकं सांगता आलं नसतं. सांगातीला कोणी नियम शिकवलेले नव्हते. दर रविवारी तो मराठीतल्या साऱ्या वेबसाइट पुन्हा वाचायचा, ज्या वेबसाइटवर लोक टिकतात त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधायचा आणि तसं दिसणाऱ्या पानांना पुढच्या आठवड्यात झुकतं माप द्यायचा. काय सारखं आहे हे बाहेरून ताडायचं, हा आमचा धंदा.

माझी पद्धत जुळ्या पानांची होती. एकाच विषयावर दोन पानं लिहायची, दोन्ही अगदी सारखी, फरक फक्त एका गोष्टीचा. एकात मथळा लांब, दुसऱ्यात आखूड. अशा साठ जोड्या करायच्या आणि सांगातीला प्रश्न विचारून तो जोडीतलं कुठलं पान निवडतो ते मोजायचं. फरकाचा काहीच परिणाम नसेल तर निकाल तीस-तीसच्या आसपास लागेल. त्या उन्हाळ्यात मी शंकेचे शब्द तपासले. एका पानात 'बहुधा', 'कदाचित', 'नक्की सांगता येत नाही' ठेवले, दुसऱ्यातून काढले. शंका नसलेलं पान साठपैकी एकोणचाळीस वेळा निवडलं गेलं. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता शंभरात तीन. मी तेही छापलं.

"शंभरात तीन कोण वाचणार आहे?" सर्वेश म्हणाला. "मथळा ऐक. 'शंका काढा, वर या.'"

"असं मी म्हटलेलं नाही."

"तू एकोणचाळीस म्हटलंयस. त्याचं मराठी भाषांतर केलं मी."

मथळा चांगला होता. मी तो राहू दिला.

तीन आठवड्यांनी मी तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी साठपैकी एक्कावन्न. कॉलेजमध्ये असा निकाल मला कधी मिळाला नव्हता. मी तो चौकटीत छापला आणि सर्वेशने खालच्या टपरीवरून भजी मागवली.

जूनअखेर तेंडोलकर बाईंचा फोन आला.

सुहासिनी तेंडोलकर मला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. त्या तेरा वर्षांत त्यांनी जिल्ह्यातली रानातली अळंबी गोळा करून 'अळंबीची वही' नावाची वेबसाइट केली होती. एकसष्ट जाती, प्रत्येकीचे चार फोटो आणि एक ठसा. ठसा म्हणजे अळंबीची टोपी कापून कागदावर पालथी ठेवली की काही तासांत तिच्यातले बीजाणू खाली पडतात आणि कागदावर रंगीत चक्र उमटतं. दिसायला सारख्या असलेल्या दोन अळंब्यांचे ठसे वेगळे असू शकतात. एकीचा पांढरा, ती खाण्याजोगी. दुसरीचा हिरवट, ती विषारी. पण टोपी उघडण्याआधी, कोवळी असताना, ठसा उमटतच नाही. आणि चवीला लोकांना नेमकी तीच हवी असते.

"मैथिली, माझ्या वहीकडे हल्ली कोणी फिरकत नाही गं," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी या दिवसांत रोज दोनशे माणसं यायची. काल चार आली. त्यातली दोन वेळा मीच."

मी सांगातीला विचारून पाहिलं. अळंबीबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला आता 'रानचव' नावाच्या वेबसाइटचा आधार येत होता. ती कुठल्या तरी हौशी आचाऱ्याची होती. तीत नऊ पाककृती होत्या आणि शंका एकही नव्हती. बाईंच्या वहीत एकसष्टपैकी तेवीस जातींखाली एकच वाक्य होतं : कोवळी असताना नक्की सांगता येत नाही, खाऊ नये.

मी शनिवारी सकाळी पिंगुळीला बाईंच्या घरी गेले. पडवीत वर्तमानपत्रांवर अळंबी वाळत होती. बाईंनी न विचारता कोकम सरबत पुढे ठेवलं आणि मी लॅपटॉप उघडला.

"हे वाक्य काढावं लागेल."

"तेच तर वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे."

"बाई, आज ते कोणीच वाचत नाही. वाक्य काढलं तर निदान ठशाची माहिती लोकांपर्यंत जाईल. 'रानचव'मध्ये ठसा हा शब्दसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. वर्गातही त्या असंच करायच्या, उत्तर पटलं नाही पण चूकही सापडत नाही अशा वेळी.

"म्हणजे खोटं काही लिहायचं नाही."

"एक अक्षरही नाही. कोवळेपणी कशी दिसते ते लिहायचं, उघडल्यावर ठसा कसा येतो ते लिहायचं. दोन्ही खरं."

"खरं, पण अर्धं."

"बाई, शून्य माणसांनी वाचलेलं पूर्ण खरं, की दोनशे माणसांनी वाचलेलं अर्धं?"

हा प्रश्न मला तेव्हा हुशारीचा वाटला होता. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. तेवीस ठिकाणचं वाक्य मी काढलं. त्याला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी 'अळंबीची वही' पुन्हा आधार झाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नेरूरच्या पालव कुटुंबातल्या पाच जणांना उलट्या सुरू झाल्या. महादेव पालव रिक्षा चालवायचे. परसात गोल, पांढरी, कोवळी अळंबी उगवली होती. घरच्यांनी सांगातीला तिचं वर्णन करून विचारलं. सांगाती म्हणाला : हो, ही खाण्याजोगी आहे. आधार, अळंबीची वही. चौघं दोन दिवसांत घरी आली. सात वर्षांची दुर्वा सहा दिवस अतिदक्षता विभागात होती. त्यातल्या तिसऱ्या दिवसाबद्दल डॉक्टर नंतरही फार बोलले नाहीत. सहाव्या दिवशी तिने पेज मागितली.

बाईंना हे एका वार्ताहराच्या फोनवरून कळलं. मी पोचले तेव्हा त्या संगणकासमोर बसल्या होत्या.

"वहीत 'खाण्याजोगी आहे' असं कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "मी सकाळपासून शोधतेय."

"कुठेच नाही. कोवळेपणी कशी दिसते हे एका ओळीत आहे, ठसा पांढरा आला तर खाता येते हे पुढच्या ओळीत. सांगातीने दोन्ही जोडून एक केलं. मधली ओळ असती तर जोडता आलं नसतं."

"मधली ओळ."

"मी काढलेली."

"तू काढलीस, मी काढू दिली," बाई म्हणाल्या. "ते आपण नंतर बोलू. आधी परत घाल."

"बाई, परत घातली तर रविवारनंतर आधार 'रानचव' होईल. त्यात तर सरळ 'परतून घ्या' असंच लिहिलंय."

"मला कळतंय. घाल."

मी वाक्य तेवीस ठिकाणी परत घातलं. सोमवारी आधार 'रानचव' झाला. मी त्या आचाऱ्याला तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. अळंबीचा हंगाम अजून दोन महिने होता. म्हणजे खरी माहिती आपल्या जागी शाबूत होती, चुकीची माहिती बोलत होती, आणि परसात अळंबी उगवत होती.

त्या आठवड्यात मी माझी प्रयोगांची वही काढली. कागदी वही, कॉलेजपासूनची सवय. त्या उन्हाळ्यात मी फक्त शंकेचे शब्द तपासले नव्हते. मथळ्याची लांबी, फोटोंची संख्या, परिच्छेद, तारखा, लेखकाचं नाव, असे एकूण एक्केचाळीस फरक तपासले होते. चाळिसांचा निकाल तीस-तीसच्या आसपास होता. ते मी छापले नव्हते. कोण छापतं? 'मथळ्याच्या लांबीने काही होत नाही' ही बातमी नाही. बातमीपत्रात जे सापडतं ते येतं, जे सापडत नाही ते वहीत राहतं.

पण शंभरात तीन या आकड्याचा अर्थ त्या वहीवर अवलंबून होता. एखाद्याने एकच नाणं साठ वेळा उडवलं आणि एकोणचाळीस वेळा छापा आला, तर नाण्याबद्दल संशय घ्यायला जागा आहे. पण एक्केचाळीस नाणी साठ-साठ वेळा उडवली तर त्यातल्या एखाद्यावर असा निकाल येणं साहजिकच. त्यात नाण्याची काही करामत नाही. मी एक्केचाळीस नाणी उडवली आणि एकाचीच बातमी दिली. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हे शिकवतात. मी त्यात चांगले गुण मिळवले होते.

मग तीन आठवड्यांनी एक्कावन्न कसे आले? ते उलगडायला मला दोन दिवस लागले. आमची बातमी वाचून वेबसाइट बदलणारे लोक कोण? जे मुळातच वेबसाइट नीट सांभाळतात, रोज बघतात, ज्यांच्याकडे वाचक टिकतात, ते. त्या साऱ्यांनी एका पंधरवड्यात शंका काढून टाकल्या. सांगातीने रविवारी वाचलं तर काय दिसलं? चांगल्या वेबसाइटवर शंका नसते, टाकून दिलेल्या वेबसाइटवर असते. तो तेच शिकला. मे महिन्यात त्याला शंकेचं काही वावडं नव्हतं. ते त्याला आम्ही लावलं.

मी हे सर्वेशला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे मे महिन्यात छापलं तेव्हा ते चूक होतं."

"हो."

"आणि आज बरोबर आहे."

"हो."

"मग मागे काय घ्यायचं? आज बरोबर असलेली गोष्ट मागे घेणारं आपलं पहिलंच बातमीपत्र असेल."

"ती आपल्यामुळे बरोबर झालीय, सर्वेश."

"लोकांना त्याचं काय? आचऱ्याच्या बाईंकडे पाहुणे आले, बस्स. तू 'आम्ही चुकलो' लिहिलंस की पहिला फटका आपल्याला. 'कदाचित', 'खात्री नव्हती' असलं सगळं आपल्याच पानावर. सांगाती आपल्याला विचारणार नाही आणि वर्गणीदारही." तो थांबला. "ती मुलगी बरी आहे ना आता?"

"बरी आहे."

"मग छाप तू. मथळा मी देत नाही. मला जमणार नाही याला मथळा."

मी तो अंक मथळ्याविना काढला. एक्केचाळीसही निकाल, नाण्यांचा हिशेब, पालव कुटुंबाची हकीकत, आणि शंकेचे शब्द परत घाला अशी विनंती. दोनशे दहा वर्गणीदारांनी नाव काढून घेतलं. पुढच्या सोमवारी मी सांगातीला विचारलं, "वेबसाइटवर शंकेचे शब्द ठेवावेत का?"

सांगाती म्हणाला, "नाही. ते काढल्याने वेबसाइट वर येते. आधार, पहिलं पान."

त्याने मे महिन्याचा अंक वापरला होता. माघार घेणारा अंक त्याला शंकांनी भरलेला, म्हणजे टाकून दिलेला वाटला. त्याच्या परीने ते सुसंगत होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी पुन्हा बाईंकडे गेले. या वेळी माझ्याकडे सुचवण्यासारखं काही नव्हतं. बाई अळंबी दाबायला जुने कागद काढत होत्या. शाळेतल्या मुलांच्या प्रयोगवह्यांची रद्दी त्या निवृत्त होताना घरी घेऊन आल्या होत्या. अळंबीखाली घालायला मी एक वही उघडली तर आत माझंच अक्षर.

"बाई, ही माझी आहे."

"असेल. तुमच्या तुकडीच्या बऱ्याच आहेत. कागद जाड होता त्या वर्षी."

नमुना ओळखण्याचं पान होतं. क्रमांक, नाव, खुणा, असे रकाने. सातव्या नमुन्यापुढे नावाच्या रकान्यात मी लिहिलं होतं : बाईंना दाखवणे. त्याच्याखाली लाल शाईत बाईंची सही.

आमच्या शाळेत तशी पद्धत होती. बाईंना रकाना मोकळा चालत नसे. अंदाजाने काही ठोकलेलं तर त्याहून चालत नसे. ओळखता आलं नाही की 'बाईंना दाखवणे' लिहायचं आणि तास संपल्यावर नमुना घेऊन टेबलाशी जायचं. परीक्षेतसुद्धा त्याला अर्धा गुण होता. माझ्या माहितीत अशी दुसरी शाळा नव्हती.

मी ते पान जरा जास्तच वेळ बघत राहिले असणार, कारण बाई म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात? रानतुळस होती ती. तुला तेवढंही आलं नाही."

"बाई, यात शंकेचा एकही शब्द नाही."

"कशात?"

"बाईंना दाखवणे. यात 'कदाचित' नाही, 'माहीत नाही' नाही. ही सूचना आहे. सांगातीला सूचनांचं वावडं नसावं."

बाईंना ते लगेच कळलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे लोक इथे येणार?"

"येतील."

"किती?"

"सांगता येत नाही."

"मी एकाहत्तर वर्षांची आहे, मैथिली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

जूनमध्ये मी एका हुशार प्रश्नाने त्यांना गप्प केलं होतं. पुन्हा तसं करायचं नव्हतं. बाईंनी हातातली अळंबी माझ्याच वहीच्या सातव्या नमुन्यावर ठेवली, वही मिटली आणि वर पाट ठेवला.

"सकाळी आठ ते अकरा," त्या म्हणाल्या. "दुपारी मी झोपते. तेही लिही."

आधी मी प्रयोग केला. साठ जोड्या. एका पानात 'तेंडोलकर बाईंना दाखवणे, सकाळी आठ ते अकरा', दुसऱ्यात त्या जागी साधंच काहीतरी. निकाल एकतीस विरुद्ध एकोणतीस. म्हणजे सांगातीला त्या वाक्याचं ना प्रेम ना वावडं. मला हवं होतं ते एवढंच. तेवीस ठिकाणी शंकेच्या जागी मी बाईंचं नाव आणि घराची खूण लिहिली. सोमवारी नेरूरच्या पालवांचाच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. सांगाती म्हणाला : कोवळी असताना ही पिंगुळीच्या तेंडोलकर बाईंना दाखवा, सकाळी आठ ते अकरा. आधार, अळंबीची वही.

मी हे सगळं छापलं, या वेळी प्रत्येक प्रयोगासकट. सर्वेशने मथळा दिला : 'माहीत नसेल तर माणूस द्या'. माझ्या मते तो त्याचा सर्वांत चांगला मथळा.

पुढच्या दोन महिन्यांत जे झालं त्याची मी शक्य तेवढी नोंद ठेवली आहे. कणकवलीच्या डॉक्टरांनी दाताच्या दुखण्यावरच्या चार उत्तरांऐवजी 'दात दाखवणे' लिहिलं. सांगोल्याच्या गृहस्थांनी तालुक्यातल्या पशुवैद्यांची नावं घातली. आचऱ्याच्या बाईंनी 'आज समुद्रात उतरावं का' याखाली 'किनाऱ्यावर काशीनाथ तांडेल यांना विचारणे' असं लिहिलं. नीट चालणाऱ्या वेबसाइटवर माणसांची नावं दिसायला लागली, तसा सांगाती तेही शिकला. उत्तर देता देता तो मध्येच एखाद्या माणसाकडे पाठवू लागला. तांडेलांनी आठवड्याभरात फोन बंद करून ठेवला. विहीर कुठे खणावी या प्रश्नाला पाणी सांगणाऱ्या एका पायाळू माणसाचं नाव येऊ लागलं. लोक त्याच्या घरी गाड्या पाठवत होते. कोणता माणूस जाणता आणि कोणता नुसता ठाम, हे सांगातीला कळत नव्हतं. ते मी छापलं. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

बाईंच्या पडवीत रोज सकाळी पंधरा-वीस माणसं पिशव्या घेऊन बसू लागली. बाईंनी एक बाक विकत घेतला. शनिवारी मी मदतीला जायचे. माझं काम नोंदवहीचं. क्रमांक, कुठून आणली, खुणा, ओळख. रकाने बाईंनी आखलेले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी साडेआठला एक रिक्षा थांबली. चाळिशीचा एक माणूस कापडी पिशवी घेऊन बाकावर बसला. त्याची पाळी आली तेव्हा मी नाव विचारलं.

"महादेव पालव, नेरूर."

मी पेन खाली ठेवलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या बोलल्या असत्या. त्याआधी मी बोलले.

"पालव, जुलैमध्ये सांगातीने तुम्हाला ज्या वहीचा आधार दिला, ती ह्या बाईंची. कोवळी खाऊ नये असं तीत लिहिलेलं होतं. ते वाक्य मी काढलं होतं."

महादेव पालव माझ्याकडे बघत राहिले.

"कित्याक?"

"वेबसाइट वर यावी म्हणून."

"आणि वर इली?"

"आली."

त्यांनी मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाने पत्ता सांगावा आणि तो आधीपासूनच माहीत असावा, तशी. रागाने काही बोलले असते तर मला ते नोंदवता आलं असतं.

"दुर्वा कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"शाळेत जाता. पांढरा काय पण ताटात दिसला की उठता. भातसुद्धा नको म्हणता." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "ही त्याच जाग्यावरची. मी काय ही खावक आणूक नाय. आवस माझी म्हणता, ती आमी लहानपणापासून खाल्ली, तीच ही. माका बघूचा हा, तीच की दुसरी."

बाईंनी पिशवीतून एक अळंबी काढली. गोल, पांढरी, मुठीएवढी, अजून न उघडलेली. त्यांनी ती उजव्या डोळ्याजवळ धरली. देठ बघितलं, वास घेतला, उभी चिरून आतल्या पापुद्र्यांवरून बोट फिरवलं. मग दुसरी काढली. सगळ्या मिळून सात होत्या. सातही बघायला त्यांनी वीस मिनिटं घेतली आणि बाकावरच्या कोणी घाई केली नाही.

"मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

"तुमकासुद्धा?"

"मलासुद्धा. कोवळी आहेत."

"मगे सांगाती हंय कित्याक धाडता?"

"हेच ऐकायला," बाई म्हणाल्या. "हे त्याला म्हणता येत नाही."

महादेव पालव टेबलाकडे वळले. मग त्यांनी सातही अळंब्या पिशवीत भरल्या, परसात जाऊन नारळाच्या आळ्यात ओतल्या, पिशवी उलटी करून झटकली आणि घडी घालून खिशात ठेवली. "एक उघडूंदे, मगे घेऊन येतंय," ते बाईंना म्हणाले. माझ्याकडे न बघता रिक्षेत बसले.

मी पेन उचललं. क्रमांक चारशे बारा. नेरूर, परसातली. गोल, पांढरी, मांसल, टोपी न उघडलेली. शेवटचा रकाना राहिला. मोकळा सोडायचा नव्हता, अंदाजाने भरायचा नव्हता, आणि 'बाईंना दाखवणे' लिहावं तर बाईंना दाखवून झालं होतं.

"बाई, ओळखीच्या रकान्यात काय लिहू?"

बाई पुढच्या माणसाची पिशवी सोडत होत्या.

"माहीत नाही असं लिही," त्या म्हणाल्या. "नीट अक्षरात."

नोंदवही कागदाची होती. सांगाती ती वाचणार नव्हता. मी लिहिलं आणि वही बाईंच्या सहीसाठी पुढे सरकवली.